काकांचे पन्नास टक्के

परवा सकाळी पोळीचा पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. विमा कंपनीचा संदेश होता. 'आपल्या गाडीच्या पॉलिसीची मुदत संपत आहे', आणि खाली यंदाचा आकडा. मी आकडा वाचला आणि घास गिळायचं विसरले. गाडी एका वर्षाने जुनी झाली, कंपनीनेच तिची किंमत कमी धरली, वर्षभरात मी कुणाला साधा आरसासुद्धा लावला नाही, आणि हप्ता मात्र वाढला! मागच्या वर्षीही वाढला होता. मी म्हटलं, "बाप्पा! काहून पण?" नवरा पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला, "दुसऱ्या कंपनीचा बघ ऑनलाइन. पाच मिनिटांचं काम आहे."

पाच मिनिटांचं काम! ज्या माणसाच्या घरी या पाच मिनिटांच्या कामाला आख्खा आठवडा लागायचा, त्या माणसाची मी चार वर्षं भाडेकरू होते. सदाशिव पेठेत. त्यामुळे मला राग आला की आधी हसू येतं, आणि मग काका आठवतात.

काका म्हणजे आमचे घरमालक. पिंपरीच्या एका कारखान्यात जन्मभर तपासनीस होते. तयार झालेला सुटा भाग हातात घ्यायचा, मोजायचा, आणि 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, एवढंच काम. निवृत्त झाले त्या दिवशी कारखान्याने घड्याळ दिलं, तर हे म्हणाले, घड्याळ आहे घरी, मला माझा शिक्का द्या. तो 'पास'चा गोल जांभळा शिक्का घेऊन ते घरी आले आणि मग घरादारावर उठले. माझ्या भाडेकराराच्या शेवटच्या पानावर नोटरीच्या शिक्क्याशेजारी 'पास' आहे. पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर आहे. 'रिजेक्ट'चा शिक्का मात्र त्यांनी मागितला नाही. तो तोंडी चालतो, म्हणाले.

आणि चालायचाच! मंडईतून आणलेली मेथी रिजेक्ट, केबलवाल्याने लावलेला खिळा रिजेक्ट, माझा चहा पहिले सहा महिने रिजेक्ट. काकू हसत म्हणायच्या, "अग, माझं काय घेऊन बसलीस, चाळीस वर्षं झाली, माझी अजून तपासणीच चालू आहे."

मला ते 'यवतमाळ' म्हणायचे. नावाने कधी नाही. माझ्या आधी वरच्या खोलीत 'लातूर' राहायचा, त्याच्या आधी 'परभणी'. "यवतमाळ, खाली ये," अशी हाक आली की समजायचं, काहीतरी तपासायचं आहे. पहिल्यांदा मला फार राग आला होता. आईला फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "मंग काय झालं वं, गावाचं नाव त रोज घेते ना तो माणूस." त्यानंतर मी कधी तक्रार केली नाही.

आता गाडी. छोटी, दुधाळ रंगाची, अत्यंत सोज्वळ गाडी. मागच्या काचेवर काकांनी स्वतः लिहिलेली पाटी होती. 'या गाडीला आजवर कोणीही धडकलेले नाही. पहिले येण्याचा आग्रह धरू नये.' गाडी बाहेर काढायच्या आधी एक आणि परत आणल्यावर एक अशी ते तिला पूर्ण प्रदक्षिणा घालायचे. दोन्ही हात मागे, मान पुढे, डोळे पत्र्यापासून वीतभर अंतरावर. मगच किल्ली लागायची किंवा निघायची. देवळात यांना मी इतक्या भक्तीने फिरताना कधी पाहिलं नाही.

गाडी होती, पण तिच्यात बसून कुठे जाणं अवघड होतं. लक्ष्मी रोड वर्ज्य. मंडई वर्ज्य. जिथे गाडीच्या चारही बाजू मोकळ्या राहणार नाहीत तिथे ती लावायची नाही हा नियम. कर्वे रोडला एका लग्नाला निघालो तर यांनी गाडी एरंडवण्यात एका रिकाम्या गल्लीत लावली. तिथून कार्यालय चांगलं दीड किलोमीटर. काकूंच्या अंगावर पैठणी, पायात नवीन चपला. शेवटी त्या आणि मी रिक्षा करून लग्नाला गेलो आणि काका मागून चालत आले. येताना परत रिक्षा केली, गाडीपर्यंत.

हे सगळं कशासाठी? तर पन्नास टक्क्यांसाठी.

तुम्ही गाडी चालवत असाल तर तुम्हाला माहीत असेलच. ज्या वर्षी विम्याकडून एकही नुकसानभरपाई मागितली नाही, त्याच्या पुढच्या हप्त्यात सूट मिळते. नो क्लेम बोनस. पहिल्या वर्षी वीस टक्के, मग पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, आणि पाचव्या वर्षी पन्नास. पन्नासच्या वर काही नाही. आणि एकदा क्लेम केला की थेट शून्य. परत वीसपासून सुरुवात. लोकांच्या दृष्टीने ती सूट. काकांच्या दृष्टीने ते प्रशस्तिपत्रक होतं. "हा बोनस गाडीचा नसतो, यवतमाळ, माणसाचा असतो," ते म्हणायचे, आणि ते खरंच आहे. आधीची गाडी विकून ही घेतली तेव्हा त्यांचे पन्नास टक्के त्यांच्यासोबत नव्या गाडीवर आले. सगळे धरून एकवीस वर्षं त्यांनी एकही क्लेम केलेला नव्हता. दरवर्षी नवी पॉलिसी आली की 'नो क्लेम बोनस : ५०%' या ओळीखाली लाल रेघ मारून, प्लास्टिकमध्ये घालून ती दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, काकूंच्या रांगोळी स्पर्धेच्या कपाशेजारी उभी राहायची. मागच्या वर्षीची फायलीत जायची.

पॉलिसीची मुदत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपायची. त्याआधी आठ दिवस विम्याचे एजंट यायचे. जाडसर, पन्नाशीचे, सतत रुमालाने मान पुसणारे सज्जन गृहस्थ. मी त्यांना 'विमावाले' म्हणायची. ते आले की काका त्यांना लाकडी खुर्चीत बसवायचे आणि फक्त पाणी द्यायचे. हप्ता का वाढला याचं समाधानकारक उत्तर मिळाल्यावर चहा, असा शिरस्ता होता. चार वर्षांत एकदाच मी विमावाल्यांना त्या घरात चहा पिताना पाहिलं, ते पुढे सांगते.

"गाडीची किंमत दरवर्षी कोण कमी करतं?" काका विचारायचे.

"कंपनी करते, काका. घसारा असतो."

"मग कमी किमतीच्या वस्तूला जास्त हप्ता कसा?"

"त्यातला एक भाग सरकार ठरवतं. दुसऱ्याला इजा झाली तर त्याच्या भरपाईचा. आणि सुटे भाग महागलेत, मजुरी वाढलीय, लोकांचे क्लेम वाढलेत..."

"लोक ठोकणार आणि भरायचं मी?"

"विमा म्हणजे तेच ना, काका. सगळ्यांनी मिळून भरायचं, ज्याला गरज पडेल त्याने घ्यायचं."

"म्हणजे भिशी."

"तसंच म्हणा."

"भिशीत निदान बटाटेवडा मिळतो. आणि कधीतरी आपला नंबर लागतो. एकवीस वर्षं मी काय विकत घेतोय, ते मला एका वाक्यात सांगा."

विमावाले मान पुसायचे. एका वाक्यात त्यांना कधीच सांगता आलं नाही. मग काका कंपनीला पत्र लिहायचे. 'सोबत माझ्या वाहनाचा वार्षिक वर्तन-अहवाल जोडत आहे, तो पाहून वाढ रद्द करावी.' अहवालाखाली शेजारच्या तिघांच्या सह्या असायच्या, की आम्ही हे वाहन वर्षभर पाहत आहोत आणि त्यावर ओरखडा नाही. कंपनीचं उत्तर यायचं, आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. ते वाचून काका एकच शब्द बोलायचे. तोच तो, तोंडी शिक्का.

शेवटच्या दिवशी पैसे भरायचे, तेही माझ्या फोनवरून. फोनवर येणाऱ्या आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून त्यांच्या पॉलिसीला नंबर माझाच दिलेला होता. पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला.

मला गाडी शिकायची होती. म्हणजे परवाना होता, गाडी येत नव्हती. पुण्यात अशी हजारो माणसं आहेत. काकूंनीच काकांना गळ घातली. "तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आलंय. उद्या अडीनडीला कोणी नको का?" काका दोन दिवस विचार करून म्हणाले, "यवतमाळ, रविवारी सहाला खाली ये."

पहिले तीन रविवार आम्ही गाडी सुरूच केली नाही. गाडीच्या चार कोपऱ्यांना त्यांनी तेलाचे चार रिकामे डबे ठेवले आणि मला आत बसवून विचारलं, "डावा पुढचा डबा तुझ्यापासून किती लांब?" मी म्हटलं, असेल चारेक फूट. ते टेप घेऊन मोजायचे. रिजेक्ट. "गाडी चालवता सगळ्यांना येते. आपण कुठे संपतो ते माहीत पाहिजे." चौथ्या रविवारी इंजिन सुरू झालं. मग मागे घेणं, डब्यांच्या मधून काढणं, वळवणं. डबा वाजला की दिवस संपला, पुढच्या रविवारी या. मी एकदा चिडून म्हटलं, "काका, एवढ्या वेळात आमच्या गावचा माणूस ट्रक शिकून नागपूरला जाऊन आला असता."

"गेला असता," ते म्हणाले. "आला असता का, ते माहीत नाही."

सगळ्यात अवघड होतं त्यांचं फाटक. ते त्यांनी स्वतः मापं देऊन बनवून घेतलं होतं. गाडी मधोमध असली तर दोन्ही बाजूंना बरोबर चार बोटं जागा राहायची. त्यातून मी त्यांच्यादेखत सात-आठ वेळा गाडी नीट काढली, पण ते नुसतं 'हं' म्हणायचे. सगळं ते एका जाड वहीत लिहायचे. टायरची हवा, काचेचं पाणी, माझ्या चुका. 'चालक क्र. २' असं माझं वेगळं पान होतं. मी किती वेळा विचारलं, "झाले का मी पास?" उत्तर एकच, "सांगू." पास झाल्याशिवाय खुंटीवरच्या किल्लीला हात लावायचा नाही, हे मात्र पहिल्याच दिवशी बजावलेलं होतं.

तर नोव्हेंबर संपत आला होता. काका सकाळी बँकेत गेले होते, निवृत्तिवेतनासाठी आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला. मी वर खोलीतून ऑफिसचं काम करत होते. खाली धाडकन आवाज झाला आणि मग काकूंची हाक आली. दिवाळीचा आकाशकंदील अजून टांगलेलाच होता. काका म्हणाले होते, उतरवायच्या आधी स्टूल तपासतो. तीन आठवडे स्टुलाला मुहूर्त लागला नाही, म्हणून काकू स्वतः चढल्या होत्या. मी खाली गेले तर त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या, उजवा हात मनगटापाशी भलताच वाकलेला, चेहरा पांढरा, कपाळावर घाम. कंदील मात्र मांडीवर सुखरूप.

काका फोन घरी ठेवून गेले होते. तो टेबलावर वाजला तेव्हा मला कळलं. रिक्षाचं ॲप म्हणत होतं बारा मिनिटं, मग म्हणालं पंधरा. गल्लीच्या तोंडाशी धावले तर दोन रिक्षावाल्यांनी जवळचं भाडं म्हणून मान हलवली. परत आले तेव्हा काकू डोळे मिटून म्हणाल्या, "मला गरगरतंय ग."

मी खुंटीवरची किल्ली घेतली.

प्रदक्षिणा नाही, काही नाही. काकूंना मागे बसवलं, फाटक उघडलं, गाडी सुरू केली. फाटकापाशी येईपर्यंत सगळं ठीक होतं. मग मागून काकू कण्हल्या, मी मान वळवली, आणि डाव्या बाजूला असा आवाज झाला की माझा जीवच गेला. पुढचा दिवा फुटला आणि खांबाने दार आत दाबलं.

"काय ग वाजलं?" काकूंनी विचारलं.

"डबा, काकू."

"जाऊ दे. रिकामाच असेल."

मी गाडी तशीच पुढे रेटली. टिळक रोडवर काय आलं, काय गेलं, मला आजही आठवत नाही. पण दवाखान्यात पोचल्यावर त्यांना आत नेलं, हाड बसवायला डॉक्टर आले, आणि नर्स म्हणाली, वेळेवर आणलंत, रक्तदाब फार खाली गेला होता. तेव्हा मी बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. काकूंसाठी थोडं, आणि खरं सांगते, दारासाठी जास्त. एकवीस वर्षं! आणि मी, न विचारता किल्ली घेतलेली बाई!

माणूस घाबरला की शहाणपणा करायला जातो. मी गाडीचे फोटो काढून गॅरेजवाल्याला पाठवले. त्याने सांगितलेला आकडा माझ्या महिन्याच्या पगारात मावत नव्हता. मला वाटलं, विमा असतो कशासाठी? काकांना खर्चाचा त्रास नको. पॉलिसी माझ्याच फोनवर होती. बाकावर बसल्या बसल्या मी क्लेम नोंदवून टाकला आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. मग विमावाल्यांना कळवायला फोन केला.

पलीकडून त्यांचा बारीक आवाज आला, "ताई, काय केलंत हे? काकांचं पन्नास!"

तोपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शपथ! गाडीचं दार डोळ्यासमोर होतं, कपाटातला कागद नव्हता. विमावाले म्हणाले, घाबरू नका, अजून मागे घेता येईल, पण ते काकांनी ठरवायचं, सही त्यांची लागते. परवा फॉर्म घेऊन येतो.

फोन ठेवून मी खिडकीतून पाहिलं, तर काका रस्ता ओलांडत होते. शेजाऱ्यांनी सांगितलं असणार. गाडी दवाखान्याच्या दारातच लावलेली होती, फुटका दिवा त्यांच्याकडे तोंड करून. ते गाडीपाशी आले. एक क्षण थांबले. आणि ते तसेच पुढे निघाले, दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. धापा टाकत त्यांनी एकच विचारलं, "कुठे आहे ती?"

प्रदक्षिणा झाली नाही. जाताना पण नाही.

पुढचे दोन दिवस ते माझ्याशी 'हं'च्या पलीकडे बोलले नाहीत. मी वर माझी बॅग भरून ठेवली. आईला सांगितलं, खोली शोधावी लागेल. काकूंना प्लास्टर घातलेलं, मी स्वयंपाक करत होते, आणि काका माझा चहा पीत होते, न बोलता. रिजेक्टसुद्धा म्हणत नव्हते, त्याची मला जास्त भीती वाटत होती.

तिसऱ्या दिवशी विमावाले आले. लाकडी खुर्चीत बसले. काका आत वळून म्हणाले, "यवतमाळ, यांना आधी चहा दे."

विमावाल्यांच्या हातातला रुमाल खाली पडला.

चहा पिऊन त्यांनी दोन कागद टेबलावर ठेवले. "काका, हा क्लेम मागे घेण्याचा अर्ज. सही केलीत की काही झालंच नाही. गॅरेजचं आपलं आपण बघायचं, पन्नास टक्के शाबूत. आणि हा क्लेमचा फॉर्म. हा भरलात तर..." त्यांनी रुमालाने मान पुसली.

मी उभीच होते. म्हटलं, "काका, अर्जावर सही करा. गॅरेजचे पैसे मी देईन, दर महिन्याला थोडे थोडे. चूक माझी आहे. मी न विचारता किल्ली घेतली."

काकांनी क्लेमचा फॉर्म ओढून घेतला आणि चष्मा लावून वाचायला लागले. एका रकान्यापाशी बोट थांबलं. मोठ्याने वाचलं, "वाहन चालवणाऱ्या व्यक्तीस मालकाची परवानगी होती काय?"

माझी मान खाली.

"वही आण," ते म्हणाले.

मी वही आणली. त्यांनी 'चालक क्र. २'चं पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. माझ्या चुकांची मोठी यादी, तिच्याखाली गणपतीतल्या एका रविवारची तारीख, आणि तिच्यावर गोल, जांभळा शिक्का. पास.

गणपती होऊन अडीच महिने झाले होते!

"अहो काका, मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं की माणूस ढिला पडतो. कारखान्यात पाहिलंय." मग विमावाल्यांकडे वळून, "पास झालेल्या माणसाला किल्ली विचारावी लागत नाही. परवानगी होती." आणि त्यांनी रकान्यात ठसठशीत 'होय' लिहिलं.

विमावाले कळवळून म्हणाले, "काका, तुमची एकवीस वर्षं जातील हो. थेट शून्य. आणि नवा हप्ता जवळजवळ दुप्पट."

"काही झालंच नाही, असं सही करून देऊ?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, पण मी तो तसा कधी ऐकला नव्हता. "एवढ्या वर्षांत गाडी एकदाच खऱ्या उपयोगाला आली. तिचीच नोंद नको? आणि तुम्हाला मी एकवीस वर्षं विचारतोय, मी काय विकत घेतोय. तुम्हाला एका वाक्यात सांगता येईना. या मुलीने सांगितलं, तर ते परत करू?"

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, सही करा आणि त्या माणसाला पोहे द्या. किती वर्षं उपाशी बसतोय तो."

काकांनी सही केली. त्या वर्षी हप्त्यावर चर्चाच झाली नाही. विमावाल्यांनी पोहे दोनदा घेतले आणि जाताना फाटकापाशी मला म्हणाले, "ताई, माझी तीस वर्षं या धंद्यात गेली. असा क्लेम पाहिला नाही." मी वर जाऊन बॅग रिकामी केली.

अर्थात पुढच्या डिसेंबरात विमावाले पुन्हा लाकडी खुर्चीत होते आणि समोर फक्त पाणी होतं. वय वर्षे एकाहत्तर, आणि काकांनी परत पहिलीत नाव घातलं होतं. पाटी त्यांनी दुरुस्त केली, 'या गाडीला आजवर फक्त आमचेच फाटक धडकले आहे'. पॉलिसी आली त्या दिवशी खालून हाक आली, "यवतमाळ! वीस!"

मग माझं लग्न झालं आणि मी विश्रांतवाडीला आले. पहिल्याच डिसेंबरात फोन वाजला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. "पंचवीस," आणि फोन बंद.

नवऱ्याने विचारलं, "कोण ग?"

"माझे घरमालक."

"काय म्हणतात?"

"पंचवीस."

"अजून भाडं मागतात?"

त्याला समजावून सांगताना आमची जेवणाची वेळ टळली. पुढच्या वर्षी 'पस्तीस', त्याच्या पुढच्या वर्षी 'पंचेचाळीस'. पंचेचाळीसला आवाज जरा कापरा होता, म्हणून मी घाबरून परत फोन लावला, तर म्हणाले, "आकडा सांगितला ना? मग कशाला पैसे घालवतेस."

आणि परवा, माझ्या हप्त्याचा तो संदेश वाचून मी आदळआपट करत असताना, फोन आलाच. मी उचलला. पलीकडे एक मोठा श्वास.

"पन्नास."

मी तिथल्या तिथे ओरडले. नवऱ्याच्या हातातून पेपर पडला. एवढा आनंद मला माझ्या पगारवाढीचा झाला नव्हता. पंचाहत्तराव्या वर्षी, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं करून, हा माणूस वीसपासून चढत परत पन्नासवर पोचला होता!

रविवारी पेढे घेऊन सदाशिव पेठेत गेले. काका फाटकातच उभे होते. माझ्या गाडीला प्रदक्षिणा घातली, मागच्या बंपरपाशी थांबले, बोटाने काहीतरी पुसून बघितलं, धूळ निघाली तेव्हा जरा निराश झाले. मी माझ्या हप्त्याचं रडगाणं गायलं. "हप्ता वाढला म्हणतेस. भांडलीस का?"

"नाही, पण भांडणार आहे."

"आधी पाणी दे. चहा नाही," त्यांनी बजावलं.

काकूंनी दार उघडलं. उजवं मनगट अजून पूर्ण वळत नाही, पण मिठी तशीच घट्ट मारली. मी चपला काढल्या आणि सरळ काचेच्या कपाटापाशी गेले. लाल रेघ मारलेलं नवं पन्नास मला डोळ्यांनी बघायचं होतं.

रांगोळीच्या कपाशेजारी प्लास्टिकमधला कागद उभा होता. कडेने जरा पिवळट झालेला. मी ओळ वाचली. 'नो क्लेम बोनस : ०%'. खाली लाल रेघ, आणि रेघेखाली गोल, जांभळा शिक्का. पास.

मी म्हटलं, "काका, पन्नासचा कागद कुठंय?"

"फायलीत." त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला आणि एक पेढा उजेडात धरून चारही बाजूंनी बघायला लागले. "पन्नासचे ढीगभर आहेत तिथे. हा एकच आहे."